उभ्या बसमधला योगवर्ग

मी एका माणसाच्या अंगावर तिकिटाचं मशीन फेकलं, म्हणून सरकारनं मला योगाला धाडलं. बाकीचे योगशिक्षक आपली हकीकत सांगतात तेव्हा त्यात हिमालय असतो, मोठं आजारपण असतं, निदान स्वप्नात आलेला एखादा साधू तरी असतो. माझी वाट डेपो मॅनेजरच्या टेबलावरून गेली, आणि त्या टेबलावर अर्धा खाल्लेला मद्दूर वडा होता.

मी नागवेणी. म्हैसूर शहरात सरकारी बसवर कंडक्टर, तेव्हा बावीस वर्षं झाली होती. ज्याच्यावर मशीन फेकलं तो कुठल्याशा कचेरीतला कारकून. त्याच्या घरासमोर थांबा नव्हता, पण बस तिथंच थांबावी असा त्याचा हट्ट. मी कधी थांबवली नाही. त्या दिवशी उतरताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकांच्या हातात शिट्टी दिल्यावर आणखी काय होणार!" मशीन त्याला लागलं नाही. त्याच्या डब्याला लागलं. सांबार मात्र त्याच्या पांढऱ्या शर्टावर असं बसलं की जणू कुणी मापं घेऊन ओतलं.

मॅनेजरनं दोन कागद पुढं ठेवले.

"नागवेणी, चौकशी हवी की योग?"

"चौकशीत बसायला खुर्ची असते का साहेब?"

"असते."

"आणि योगात?"

"जमिनीवर."

"मग चौकशी द्या."

त्यांनी योगाच्या कागदावर सही केली. वरून फर्मान आलं होतं, प्रत्येक डेपोनं ताण असलेले पाच कर्मचारी दहा दिवसांच्या शिबिराला पाठवायचे. त्यांच्याकडे चार जमले होते. रक्तदाबवाले दोन ड्रायव्हर, एक सदा झिंगलेला मेकॅनिक, आणि हिशेबखात्यातला एकजण, ज्याला फक्त रजा हवी होती. पाचवी मी.

माझा ड्रायव्हर मादप्पा पोट धरून हसला. अकरा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, मितभाषी, पण बोलला की नेमकं बोलायचा. म्हणाला, "अक्का, तुम्ही शांत झालात तर आपली बस कशावर चालणार? नुसत्या डिझेलवर?"

शिबिर नजरबादच्या एका गल्लीत, जुन्या गरडीत होतं. गरडी म्हणजे आमच्याकडची तालीम. मधे लाल मातीचा हौद, भिंतीला गदा, कोपऱ्यात हनुमंत. तिथला उस्ताद चेलुवय्या. वय चौऱ्याहत्तर, कान मळून फेकून दिलेल्या पिठाच्या गोळ्यासारखे. पैलवानांची अंगं सोडवता सोडवता म्हातारा आसनं शिकवायला लागला होता, आणि सगळ्यांत कमी पैशांत यायला तयार झाला म्हणून सरकारनं त्याला धरला होता. त्यानं आम्हां पाचांकडं पाहिलं आणि म्हणाला, "भंगारात घालायच्या आधी माझ्याकडं पाठवलंय वाटतं."

पहिल्या दिवशी ध्यान. डोळे मिटा, पाठ ताठ. मी पहाटे साडेतीनला उठलेली बाई. डोळे मिटायला सांगून मग जागी राहा म्हणणं ही शुद्ध थट्टा आहे. मी झोपले, आणि नुसती झोपले नाही. उठले तेव्हा सगळे माझ्याकडं तोंड करून बसलेले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," उस्ताद म्हणाला. "घंटा सापडेना. म्हणून म्हटलं आज तुझ्या घोरण्यावर ध्यान लावू. छान झालं. मेकॅनिक तर रडला."

चौथ्या दिवशी त्यानं मला उभं केलं. काठीचं टोक माझ्या बरगडीखाली टेकवलं आणि बराच वेळ नुसता थांबला.

"तू श्वास घेत नाहीस."

"मग काय मेल्ये का?"

"अर्धी. खांदे वर जातायत, खाली काही उतरत नाही. पोट कशाला आवळून धरलंयस?"

मी म्हटलं, आवळलेलं नाही. तो म्हणाला, "तुझी पिशवी घे खांद्याला. आता समज, बस भरलेली आहे. बाजाराचा दिवस आहे. चल, तिकिटं फाड."

मी हसत हसत पिशवी अडकवली, आणि काय सांगू, माझा डावा कोपर आपोआप बाहेर आला. पोट आत. जबडा घट्ट. श्वास गळ्याशी. बावीस वर्षं मी त्या गर्दीतून अशीच पुढंमागं करत होते. मागून कुणाचा हात कधी कुठं येईल याचा नेम नाही, म्हणून कोपर. आला तर शिवी तयार हवी, म्हणून जबडा. आणि श्वास? तो दार लागेपर्यंत धरून ठेवायचा. दार लागलं की पुढचा थांबा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी शिकले असेन. नंतर कुणी सोडायला सांगितलं नाही आणि मी धरलाय हे मला कळलं नाही.

"खाली सोड," उस्ताद म्हणाला. "इथं कुणी हात लावणार नाही. लावला तर मी त्याला मातीत पुरीन."

मी सोडला. लोकांना म्हणे अशा वेळी प्रकाश दिसतो, कुणाला नाद ऐकू येतो. मला ढेकर आला. असला लांबलचक, की हिशेबखात्याच्या माणसानं डोळे उघडले. पण त्या ढेकरामागून पोटात जी काही जागा झाली, ती तरुणपणी कधीतरी होती असं मला आठवलं. मी खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत कुणावर ओरडले नाही. शिबिरानंतरच्या फेरीत मादप्पानं दोनदा गाडी बाजूला घेऊन विचारलं, बरं नाही का.

दहा दिवस संपले. बाकी चौघं पळाले. मी जात राहिले. सकाळची पाळी संपली की दुपारी दोन तास, सलग दोन वर्षं. का, ते सांगता येत नाही. पाठदुखी थांबली हे खरं, पण एवढंच नव्हतं. दिवसातून एकदा कुणीतरी मला विचारत होतं की तुझा पाय आत्ता जमिनीवर कसा टेकलाय. असला प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता.

माझे यजमान, नंजुंडस्वामी, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांना याचं फार हसू यायचं. "तीस वर्षं मी फुंकतोय," ते म्हणायचे, "पोटातून श्वास घे, हळू सोड, मधे तुटू देऊ नको. मला कुणी गुरू म्हटलं नाही. उलट नवरदेवाचा मामा म्हणतो, जरा जोरात वाजव."

"तुम्ही फुंकता. मी बघते," मी म्हणायचे.

"काय बघतेस?"

"श्वास."

"दिसला की सांग. मला उपमा वाढ."

मग उस्तादानं दुपारची बायकांची तुकडी माझ्याकडं दिली. त्याच्या शिव्या बायकांना सोसत नव्हत्या. "तुझ्या शिव्या ऐकल्यात मी," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत." तर अशी मी शिक्षिका झाले. कागद नाही, दीक्षा नाही. बसमध्ये 'पुढं सरका' ओरडायचे, तिथं 'खांदा खाली घ्या' ओरडायला लागले. बायका खूश होत्या. घरी कुणी त्यांच्या खांद्याबद्दल इतकं तळमळून बोलत नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग तेजस्वी गौडा आला.

गोकुळममध्ये त्याचा योगाचा स्टुडिओ होता. फरशीला लाकूड, भिंतीला काहीच नाही, आणि ते काहीच नसणं फार महागाचं. पोरगा बेंगळुरूत कॉम्प्युटरची नोकरी सोडून आला होता. वाईट नव्हता, हे आधीच सांगते. बोलताना मात्र असा थांबायचा की समोरच्याला वाटावं, याला काही लागलंय का. परदेशी लोक त्याच्याकडं तीन-तीन महिने येऊन राहायचे, आणि त्यांना अस्सल काहीतरी हवं असायचं. त्यानं आधी उस्तादाला विचारलं. उस्तादानं त्याला मातीत उतरायला सांगितलं, म्हणाला मला एकदा पाडून दाखव, मग येतो. तेजस्वीनं मातीकडं पाहिलं, आपल्या पायजम्याकडं पाहिलं, आणि माझ्याकडं वळला.

मी उस्तादाला विचारलं, जाऊ का?

"जा की. पोटात आहे ते एकदा बाहेर पडू दे."

मी सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. तेजस्वीनं मला पांढरी साडी दिली, रुद्राक्ष दिले आणि नवं नाव दिलं. मा नागांबिका. पहिल्या दिवशी वीस परदेशी लोक समोर बसले. मी कन्नडमध्ये बोलायचं, त्यानं इंग्रजीत सांगायचं, असं ठरलेलं. इंग्रजी मला बऱ्यापैकी कळतं. कंडक्टरला सगळंच थोडं थोडं कळतं.

मी म्हटलं, "त्या लाल चड्डीवाल्या उंटाला सांग, कंबर सोडून मान वाकवतोय, उद्या लचक भरेल."

तेजस्वी थांबला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मा सांगतात, अहंकार मानेत राहतो. नम्रतेचं मूळ कंबरेत आहे."

लाल चड्डीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कंबर मात्र त्यानं बरोबर वाकवली, तेवढं मान्य करायला हवं.

महिनाभर मी घरी येऊन यजमानांना हे सांगून हसवत होते. दुसऱ्या महिन्यात हसणं कमी झालं. तिसऱ्या महिन्यात मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू? ज्या बाईला चोवीस वर्षं लोकांनी चुरगळलेली नोट फेकून 'ए, एक चामुंडी बेट्ट', म्हणजे देवीच्या डोंगराचं तिकीट, एवढंच म्हटलं, तिच्या पायाला रोज सकाळी वीस माणसं हात लावतात, तेव्हा तिला आपले पाय निराळे दिसायला लागतात. मी त्यांना खोबरेल चोळायला लागले. तेजस्वीनं सांगितलं होतं, उत्तर देण्याआधी तीन श्वास घ्या. मी घरीही घ्यायला लागले. यजमान विचारायचे, "मीठ कुठंय?" मी तीन श्वास घ्यायचे. तोवर ते उठून मीठ शोधायचे.

एकदा ते कळवळून म्हणाले, "अगं, एकदा तरी ओरड माझ्यावर. मोठ्या देवळातली पुजारीण घरात भाड्यानं ठेवल्यासारखं वाटतंय."

मी मंद हसले. तसं हसायलाही शिकले होते.

स्टुडिओबाहेर माझा फोटो लागला, डोळे अर्धे मिटलेले. उस्ताद एकदा तिकडून जाताना फोटोसमोर थांबलेला मी खिडकीतून पाहिला. नंतर भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "साडी चांगली आहे."

त्याच दिवसांत मादप्पाच्या गाडीखाली एक माणूस गेला.

मी रजेवर होते, गाडीवर दुसरा कंडक्टर होता. नंजनगूड रस्त्यावर खडी पसरलेली. स्कूटरवाला कडेनं पुढं जायला गेला, घसरला आणि मागच्या चाकाखाली आला. मादप्पाची चूक नव्हती. चौकशीत तसं लिहिलं गेलं, पोलिसांनीही तसंच लिहिलं, त्या माणसाच्या भावानंही मान्य केलं. आठ दिवसांनी मादप्पा ड्यूटीवर आला, किल्ली फिरवली, आणि त्याचे हात थरथरायला लागले. थांबेनात. मॅनेजरनं त्याला घरी पाठवलं. पुन्हा आला, पुन्हा तेच.

हे मला त्याच्याच तोंडून कळलं. तो गोकुळमला आला, खाकी घालून, हातात केळ्यांची फणी. तेजस्वीनं त्याला बाहेर वेताच्या खुर्चीत अर्धा तास बसवलं. मग मला म्हणाला, "मा, तुमच्या डेपोतलं कुणीतरी आलंय. दहा मिनिटं देता येतील."

मादप्पा आत आला. कुठं बसावं कळेना, म्हणून उभाच राहिला. मी खालच्या उशीकडं बोट केलं. तो बसला आणि सगळं सांगितलं. सांगताना पूर्ण वेळ माझ्या रुद्राक्षांकडं बघत होता.

मी डोळे मिटले. तीन श्वास घेतले. आणि त्या गुळगुळीत आवाजात म्हणाले, "मादप्पा, जे झालं ते वाहून जाऊ दे. तू त्यात अडकू नको. तू फक्त साक्षी हो."

त्यानं रुद्राक्षांवरून नजर काढली. मग म्हणाला, "साक्षीदार तर मी आहेच, अक्का. म्हणून तर आलो. बघितलंय मी ते. डावीकडच्या आरशात."

त्यानं केळ्यांची फणी उशीशेजारी ठेवली.

"तेरा वर्षं," तो म्हणाला, "तुम्ही मागून शिट्टी दिली की मी मागं न बघता गाडी मागं घेतली. मागं भिंत असो, गटार असो, पोरं असोत. एकदाही तुम्ही चुकीची शिट्टी दिली नाहीत. आज दिलीत."

केळी तिथंच ठेवून तो गेला. दार त्यानं हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाहेर वर्ग जमला होता. मी जाऊन बसले. सगळे पेनं काढून तयार. मी एकेकाच्या पेनाकडं पाहत गेले. शेवटी तेजस्वीला म्हटलं, "यांना सांग, आज मला काही येत नाहीये."

तेजस्वी थांबला, डोळे मिटले. "मा सांगतात, काहीच न येणं ही सर्वोच्च अवस्था आहे."

वीसच्या वीस जणांनी माना लववल्या. एका बाईनं ते वहीत लिहून घेतलं.

मी उठले. साडीचा पदर खोचला, रुद्राक्ष काढून तेजस्वीच्या हातात दिले आणि कन्नडमध्ये तीन शब्द बोलले. त्यांचं भाषांतर त्यानं केलं नाही. चपला घालून रिक्षात बसले ती थेट गरडीत.

उस्ताद मातीत तूप आणि हळद मिसळत होता. मी झालेलं सगळं सांगितलं. विचारलं, "मी त्याला काय सांगायला हवं होतं?"

"मला काय माहीत? मी कधी कुणाला चाकाखाली घेतलेलं नाही."

"मग मी आता करू काय?"

"जाऊन बस त्याच्याजवळ. तोंड बंद ठेवून." त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला जमणार नाही. पण बघ."

दुसऱ्या दिवशी मी मादप्पाच्या घरी गेले. त्याची बायको म्हणाली, ते रोज सकाळी खाकी घालून डेपोत जातात, कुणाशी बोलत नाहीत, दुपारी परत येतात. डेपोत टायरच्या शेडमागं एक मोडीत काढलेली बस उभी होती. काचा अर्ध्या, टपावर गवत, पण स्टिअरिंग शाबूत. मादप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. हात मांडीवर.

मी मागच्या दारानं चढले आणि माझ्या जागेवर, म्हणजे कंडक्टरच्या सीटवर, बसले. त्यानं आरशात पाहिलं. मी काही बोलले नाही. तोही नाही. अडीच तास. मी आयुष्यात सलग इतकी गप्प झोपेतही राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "जा ना अक्का."

मी नाही गेले.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुमचे ते गोरे लोक वाट बघत असतील."

"बघू देत. वाट बघायलाच आलेत ते."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. पाचव्या दिवशी तो बोलायला लागला. तेच सांगितलं, मग परत तेच. हेल्मेट निळं होतं. स्कूटरच्या हुकाला दुधाची पिशवी होती. ती फुटली नाही, अक्का, दुधाची पिशवी फुटली नाही. असं त्यानं किती वेळा सांगितलं असेल! माझ्या जिभेवर शंभर शहाणपणं आली. एकेक गिळली. घशात टोचत खाली गेली.

मग मी एवढंच विचारलं, "आत्ता तुझा उजवा पाय कुठंय?"

"ब्रेकवर."

"बूट कसा लागतोय?"

त्यानं विचार केला. "पुढं घट्ट आहे. अंगठ्याला."

"आणि डावा?"

"डावा बरा आहे."

त्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, स्टिअरिंग धर. त्यानं धरलं. हात थरथरायला लागले, सीटसुद्धा हलायला लागली.

"थांबवू नको," मी म्हटलं. "थरथरू दे. कुठपर्यंत जातंय ते बघ फक्त."

"कोपरापर्यंत."

"खांद्यात?"

"नाही. खांद्यात नाही."

"मग खांदा तुझ्या बाजूनं आहे. दोन्ही खांदे. पाठ?"

"पाठ दुखतेय."

"ती आधीपासूनच दुखत होती. ती यात धरायची नाही."

तो हसला. खूप दिवसांनी हसलेल्या माणसाचं हसणं खोकल्यासारखं येतं, तसं आलं. हात थरथरतच होते. पण आता तो त्यांच्याकडं रागानं बघत नव्हता.

रोज हेच चाललं. मी रजा रद्द करून ड्यूटीवर आले, तरी पाळीच्या आधी अर्धा तास त्या बसमध्ये जायचे. एक दिवस लेडी कंडक्टर चिक्कम्मा चढली. आम्ही आत गुपचूप इडली खातो असा तिला संशय होता.

"ही बस कुठं जाते?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही," मादप्पा म्हणाला. "बसा."

ती बसली. तिला गुडघ्याचा त्रास. तिच्या मागून दोन ड्रायव्हर आले, मग वर्कशॉपमधला एक, मग तो जुना झिंगणारा मेकॅनिक, जो आता फक्त सणावारी झिंगायचा. सीटवर बसून जे जमेल ते मी शिकवायचे. मान, खांदे, घोटे, समोरच्या दांड्याला धरून पाठ ताणणं, आणि शेवटी दहा मिनिटं नुसता श्वास. आवाज माझा मूळचा. "ए खिडकीवाल्या, पोट सैल सोड, तुझं पोट इथं कुणी मोजत नाहीये! चिक्कम्मा, डोळे मीट, फोन नंतर! सगळ्यांनी श्वास खाली उतरवा, उतरवा, मागं जागा आहे!"

एका सकाळी मॅनेजर दारात उभे.

"हे काय चाललंय? युनियनची मीटिंग?"

"ध्यान आहे साहेब."

"परवानगी घेतलीत? परिपत्रक आहे?"

"नाही."

"मोडीतल्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत. नियम आहे."

"उभी राहिलेली चालतील का?"

त्यांनी आत नजर फिरवली. तेवीस माणसं डोळे मिटून बसलेली, आणि कुणीही त्यांना पाहून उठलं नव्हतं. डेपोत असं कधी झालं नव्हतं. ते चढले, ज्येष्ठ नागरिकांच्या राखीव सीटवर टेकले. पाच मिनिटांनी बघितलं तर मान छातीवर. आम्ही त्यांना झोपू दिलं आणि पाळीवर गेलो. दुपारी त्यांनी नोटीस लावली की टायर शेडमागं कुणी फिरकू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तेच बसले होते.

तेजस्वी एकदा आला होता. रुद्राक्ष परत घेऊन. रागावलेला वाटला नाही. म्हणाला, "अम्मा, लोक विचारतात तुमच्याबद्दल. त्यांना इथं घेऊन येऊ का?" मी म्हटलं, ये की, पण इथं भाषांतर चालत नाही. तो स्वतःच एक फेरी बसला, शेवटच्या सीटवर. उठताना काही बोलला नाही, आणि या वेळी ते थांबणं खरं वाटलं.

मला वाटत होतं, मादप्पा पुन्हा गाडी चालवेल. मनातल्या मनात मी तो दिवसही रंगवून ठेवला होता, चामुंडी बेट्टाचा घाट, तो पुढं, मी मागं. पाच महिन्यांनी एका रविवारी त्यानं चालू बस घेतली आणि डेपोच्या आवारात एक चक्कर मारली. हात थोडे थरथरले, पण त्यानं गाडी नीट आणून लावली. खाली उतरला, किल्ली मॅनेजरच्या हातात दिली आणि म्हणाला, "येतं मला. पण नको आहे." त्यानं टायर विभागात बदली मागून घेतली.

मला फार वाईट वाटलं. इतकं, की मी त्याला चार शब्द सुनावलेही. भ्यालास, म्हटलं. एवढे महिने काय केलं आपण?

"भ्यालो नाही, अक्का. तुम्हीच विचारत होतात ना रोज, आत काय चाललंय बघ. बघितलं. आत हे आहे. बाहेर वेगळं काय करू?"

मी घरी जाऊन यजमानांना हे सांगितलं, आणि रागारागानं भांडी घासली. ते क्लॅरिनेट पुसत होते. म्हणाले, "तुझा पहिला शिष्य तयार झाला. म्हणून राग आलाय." मी त्यांच्यावर अशी ओरडले की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. ते भलतेच खूश झाले.

पावसाळ्यानंतर ती बस लिलावात गेली. आता वर्ग कँटीनमागच्या खोलीत भरतो. माझी पाळी बदलली, बुधवार आणि शनिवार मला जमत नाही, तेव्हा मादप्पा घेतो. तो शिकवतो फार वाईट. उजव्या बाजूचं सगळं करून घेतो आणि डावी विसरतो. मग लोक आपापली डावी बाजू करून घेतात. मधेच काय बोलायचं ते आठवत नाही, तर पाच-पाच मिनिटं गप्प राहतो. त्याच्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त माणसं येतात. चिक्कम्माला कारण विचारलं, तर म्हणाली, "तो ओरडत नाही, अक्का. आणि खिडक्या आधीच उघडून ठेवतो."